डबा, घाईवाली आणि काळजीवाली

आमच्या घरात कुठलीही गोष्ट निवडायची झाली की आधी तिची परीक्षा होते, आणि परीक्षक मी असते. गादी घ्यायची होती तेव्हा मी सगळ्या घराला दुकानात ओळीनं आडवं केलं होतं. दुकानदार बघत राहिला, पण गादी अजून टिकून आहे. सगळी हयात मी शाळेत विज्ञान शिकवलं. ‘एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळ्या तशाच ठेवा, मगच निष्कर्ष काढा’ हे वाक्य फळ्यावर इतक्या वेळा लिहिलंय की झोपेतून उठवलं तरी लिहीन. हे आधीच सांगून ठेवते, कारण याच वाक्यानं पुढे माझी चांगली जिरवली.

सुरुवात झाली ती पडलेल्या दातापासून.

आमची सूनबाई केक करते. पूर्वी ती विमा कंपनीच्या कचेरीत होती. रोज संध्याकाळी असा चेहरा करून घरी यायची की मला वाटायचं, हिला कुणीतरी दिवसभर शिक्षा म्हणून उभं केलंय. मग तिनं नोकरी सोडली, मोठा ओव्हन घेतला आणि आमच्या स्वयंपाकघराचा ताबाही घेतला. मी थोडी कुरकुर केली. पण ती क्रीम फेटताना गुणगुणते. कुठलंच धड गाणं नसतं ते, नुसतं नाकातल्या नाकात चाललेलं असतं. ते ऐकत बाहेरच्या खोलीत वाचत बसायची मला इतकी सवय झाली की एखाद्या दिवशी ती माहेरी गेली तर मला पुस्तकात लक्षच लागत नाही.

तर गेल्या महिन्यात एका दंतवैद्याच्या नव्या दवाखान्याचं उद्घाटन होतं. त्यासाठी सूनबाईनं दाढेच्या आकाराचा केक केला. पांढरा शुभ्र, चांगला हातभर उंच. चिरंजीव गाडी चालवत होते. चिरंजीव म्हणजे आमचा मुलगा. लिफ्ट दुरुस्त करायचं काम करतो, आणि व्हॅन त्याचीच. त्याच्या फोनमधल्या नकाशावालीनं सांगितलं की पुढे गर्दी आहे, डावीकडून गेलात तर वेळ वाचेल. वाचला वेळ. पण त्या डावीकडच्या गल्लीत प्रत्येक घरासमोर एक गतिरोधक होता. दवाखान्यात पेटी उघडली तेव्हा दाढ आडवी झालेली. दंतवैद्य भला माणूस, पोट धरून हसला, म्हणाला, “अहो, माझ्याकडे दात पडूनच येतात.” पाहुणेही हसले. सूनबाईही तिथे हसली, आणि घरी येऊन ओव्हनकडे तोंड करून रडली.

त्या दिवसापासून तिची गुणगुण बंद.

मग एका मोठ्या समारंभाच्या हॉलमधून लग्नाच्या केकची मागणी आली. हॉलच्या व्यवस्थापक बाईंनी फोनवर स्पष्टच सांगितलं, “हा केक नीट आला तर पुढचे सगळे तुमच्याकडे. मात्र केक पूर्ण तयार होऊन यायला हवा. इथे येऊन थरावर थर चढवायचे नाहीत. मागे एकानं आमच्या गालिच्यावर क्रीम सांडलंय.”

त्या रात्री जेवताना सूनबाई ताटातली कोशिंबीर चिवडत म्हणाली, “जुन्या कचेरीतून फोन आला होता. माझी जागा रिकामीच आहे म्हणे. सोमवारी उत्तर हवंय त्यांना. मी ठरवलंय, शनिवारचा केक नीट पोचला तर ठीक. हाही पडला, तर ओव्हन विकायचा.”

“अगं, असं एकदम...” मुलगा म्हणाला.

“केक करता येणं आणि केक पोचवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला दुसरी येत नाही.”

मला मात्र तिनं ओव्हन विकायला नको होता. घराला शोभा म्हणून नाही, की पैशासाठीही नाही. तो शिक्षा झाल्यासारखा चेहरा मला परत बघायचा नव्हता. मी पाण्याचा ग्लास ठेवला आणि म्हणाले, “परीक्षा घेऊ.”

“कसली?” यांनी विचारलं. हे म्हणजे आमचे हे.

“वाट दाखवणाऱ्यांची. केक पाडला तो रस्त्यानं. तेव्हा रस्ता कुणी दाखवायचा ते आधी ठरवू.”

उमेदवार तीन होते, आणि तिघांचेही पाठीराखे घरातच होते.

पहिली ती मुलाची, दाढ पाडणारी. तिला मी घाईवाली म्हणते. तिला जगात एकच गोष्ट कळते, ती म्हणजे लवकर. एक मिनिट वाचत असेल तर ती माणसाला कारखान्याच्या मागून, गोदामाच्या अंगणातून, प्रसंगी कुणाच्या दिवाणखान्यातूनही नेईल. मुलगा तिच्यावर भाळलेला. “आई, लिफ्टमध्ये माणूस अडकलेला असतो तेव्हा मला मिनिटं मोजावी लागतात. हिच्याइतकी ताजी गर्दी दुसरं कुणी दाखवत नाही.” हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

दुसरी सूनबाईची, काळजीवाली. हिच्यात रस्त्यावरची माणसंच एकमेकांना कळवत असतात की इथे खड्डा आहे, तिथे गाडी बंद पडलीय. ते सगळं ती गाडीत वाचून दाखवते. पुढे गतिरोधक. पुढे खड्डा. पुढे रस्त्यात वस्तू. कसली वस्तू ते मात्र सांगत नाही.

तिसरा यांचा डबा. निवृत्त झाल्यावर यांनी स्वतःला भेट म्हणून घेतलेलं ते एक छोटं यंत्र. काचेला रबरी चकतीनं चिकटतं आणि जोराचं वळण आलं की सुटून मांडीवर पडतं. आतून एक गृहस्थ धीम्या, भारदस्त आवाजात बोलतात. त्यातला नकाशा घेतला तेव्हाचाच. नवा भरायचा असतो हे यांना पटत नाही. “रस्ते काय रोज बदलतात?” हे म्हणतात. “आणि फोनला रेंज नसली की तुमच्या त्या दोघी मुक्या. माझा डबा कधी गप्प बसलाय का?”

खरंय. कधीच बसला नाही.

मी परीक्षा अगदी काटेकोर आखली. सूनबाईनं सरावासाठी दर दिवशी तीन थरांचा एक साधा केक केला, वर पांढरं क्रीम. त्याच्या डोक्यावर मी एक वाटी ठेवली. वाटीत काठोकाठ पाणी, पाण्यात लाल रंग. जेवढं सांडेल तेवढे डाग दिसतील, आणि उरलेलं पाणी मापाच्या कपात मोजता येईल. केकची पेटी व्हॅनच्या मागच्या भागात, रबरी चटईवर. शेजारच्या सीटवर पट्टा लावून मी, दोन्ही हात पेटीला. वाटी तीच, पाणी तेवढंच, वेळ दुपारची, निघायचं घरून, पोचायचं हॉलच्या फाटकाशी. ज्याचा उमेदवार त्यानं गाडी चालवायची. याहून न्याय्य काय असणार? मी स्वतःवरच खूश होते.

पहिल्या दिवशी मुलगा आणि घाईवाली. मुलानं जपून चालवायचा निश्चय केला होता. पण त्याचा पाय पडला लिफ्टवाल्याचा, बोलावणं आल्यासारखा. “दोन मिनिटं वाचली!” तो आनंदानं ओरडला तेव्हा वाटीतलं पाणी माझ्या कोपरापर्यंत आलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सूनबाई आणि काळजीवाली. ही गाडी चांगली चालवते. पण काळजीवालीनं ‘पुढे’ म्हटलं रे म्हटलं की ही दचकून ब्रेक दाबायची. पुढे खड्डा, ब्रेक. पुढे वळण, ब्रेक. एकदा तर ‘पुढे सरळ जात राहा’ असं म्हणाली तरी ब्रेक. फाटकाशी पोचलो तेव्हा वाटीत घोटभर पाणी उरलं होतं, आणि सूनबाईचे डोळे भरून आले होते.

तिसऱ्या दिवशी हे आणि डबा. हे निघाले ते वरातीपुढे चालल्यासारखे. डब्यातले गृहस्थ म्हणाले, “उजवीकडे वळा.” हे म्हणाले, “हो हो,” आणि सरळ गेले. नव्या पुलावर चढलो तेव्हा डब्याच्या हिशेबात आम्ही नदीत होतो. गृहस्थ कळवळून सांगत होते, “शक्य असेल तेव्हा मागे वळा.” हे मान डोलावत होते, “बरं, बरं, वळतो,” आणि पुढे चालले होते. मागून लोक हॉर्न वाजवत होते. आम्ही पोचलो उशिरा, पण पोचलो तेव्हा क्रीमवर एक डाग नव्हता. एकही नाही! मापाच्या कपात पाणी जेवढंच्या तेवढं.

“निकाल,” मी जाहीर केलं. “डबा उत्तीर्ण.”

मुलानं कपाळावर हात मारला. “आई, त्याच्यात पूल नाहीये!”

“वाटीत पाणी आहे,” मी म्हणाले.

यांनी त्या दिवशी डबा मऊ फडक्यानं पुसला आणि त्याची रबरी चकती कोमट पाण्यानं धुतली. सरावाचे लाल ठिपक्यांचे केक आम्ही चार दिवस खात होतो. मुलाच्या कामावरचे लोकही खात होते.

शनिवार उजाडला. केक असा झाला होता की मी दोनदा दिवा लावून बघितला. तीन थर, कडेला मोत्यांसारख्या क्रीमच्या ओळी, बाकी काही नाही. आतून आधाराच्या काड्या घातलेल्या. सूनबाईच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. गुणगुण नव्हतीच.

आणि ऐन निघायच्या वेळी हे आले ते काळा चष्मा लावून.

“अहो, हे काय?”

“डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो. आजची वेळ दिली होती, विसरलोच होतो बघ. त्यांनी थेंब घातले. सगळं पांढरं पांढरं दिसतंय. तू कुठे उभी आहेस?”

मला हसावं की रडावं कळेना. गाडी मुलानं चालवायची हे मग ओघानंच आलं. यांनी चाचपडत डबा काचेला चिकटवून दिला, त्याला दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाले, “सांभाळून ने रे.” ते मुलाला म्हणाले की डब्याला, देव जाणे.

“फोन बंद ठेवा,” मी मागे बसून पट्टा लावत फर्मान काढलं. “परीक्षेत जो उत्तीर्ण झालाय त्याचंच ऐकायचं.”

सूनबाई पुढे मुलाशेजारी बसली. ती मागे बघतच नव्हती.

पहिला टप्पा बरा गेला. मग नदीच्या अलीकडे गृहस्थ म्हणाले, “उजवीकडे वळा.”

“आई, पूल सरळ आहे,” मुलगा म्हणाला. “सरळ जाऊ ना?”

“डबा काय म्हणतोय?”

“उजवीकडे म्हणतोय. पण तो...”

“मग उजवीकडे.”

माझा हट्ट तुम्हाला माहीत नाही. मुलाला माहीत आहे, म्हणून तो वळला. जुना रस्ता थोडा वेळ छान होता, रिकामा, झाडीतला. मुलाला रिकामा रस्ता दिसला की त्याचा पाय आपोआप खाली जातो. वळण घेतलं, आणि समोर रस्ताच संपला. आडवी भिंत, भिंतीपलीकडे मुलांचं खेळाचं मैदान, आणि भिंतीवर बसून आइसफ्रूट खाणारी दोन पोरं आमच्याकडे बघत होती.

मुलानं ब्रेक दाबला. पेटी पुढे सरकली. मी पट्ट्यासकट तिच्यावर पडले आणि दोन्ही हातांनी तिला मिठी मारली. डबा काचेवरून सुटून खाली पडला. आतून, पेटीच्या आतून, एक मऊ आवाज आला.

खाली पडलेले गृहस्थ शांतपणे म्हणाले, “सरळ जात राहा.”

“काय झालंय ते सांगू नका, आई,” सूनबाई पुढे बघत म्हणाली. “नाहीतर सांगाच. नको, नका सांगू.”

मी झाकण उचललं. वरचा थर दोन बोटं सरकून एका बाजूला कलला होता. मोत्यांची ओळ एका कडेनं चेपली होती. खालचे दोन थर मात्र शाबूत होते. मी तसं सांगितलं. तिनं मान खाली घातली.

आणि तिथे, त्या भिंतीसमोर, मला माझंच वाक्य फळ्यावर लिहिलेलं दिसलं. एका वेळी एकच गोष्ट बदला. मी काय केलं होतं? दर दिवशी आवाज बदलला आणि त्याच्याबरोबर गाडी चालवणाराही बदलला. मग पाणी कुणामुळे सांडलं आणि कुणामुळे नाही, हे मला कळणार कसं? डबा उत्तीर्ण झालाच नव्हता. हे उत्तीर्ण झाले होते, आणि तेही डब्याचं एक अक्षर न ऐकता. सातवीतल्या मुलानं असा प्रयोग लिहून आणला असता तर मी त्याची वही परत फेकली असती.

“मी चुकले,” मी म्हणाले.

मुलगा गर्रकन मागे वळला. “काय म्हणालीस?”

“ऐकलंस ते. पुन्हा म्हणणार नाही. खाली उतर.”

“कशाला?”

“गाडी मी चालवते.”

आता हे सांगायला हवं की मी शाळेत रोज स्वतः गाडी चालवत जायची. मुलाला परवाना मिळाल्यापासून मात्र ‘आई, तू बस मागे आरामात’ सुरू झालं, आणि मी बसले. मागे बसून हुकूम सोडण्यात एक सुख असतं, ते मी का नाकारू? पण त्या तीन दिवसांत पेटी धरून बसले होते ती मी. कुठल्या वळणावर केक कुठे झुकतो, पुलाच्या सांध्यावर खालून कसा दणका येतो, हे त्या तिघांपैकी एकाच्याही हातांना ठाऊक नव्हतं. माझ्या हातांना होतं.

“सूनबाई, तू मागे ये. केक तुझा आहे, तू धर.”

“मला भीती वाटते, आई.”

“मलाही वाटते. ये.”

ती आली. तिच्या पिशवीत चपटी सुरी आणि क्रीमची पिशवी कायम असतेच. तिनं दीर्घ श्वास घेतला आणि वरचा थर दोन्ही बाजूंनी हळूच दाबत जागेवर आणला. भिंतीवरची पोरं आइसफ्रूट विसरून बघत होती. तोवर मी सीट पुढे ओढली, आरसे सारखे केले. मुलाला शेजारी बसवलं आणि सांगितलं, “दोन्ही फोन काढ. दोघींचा आवाज बंद कर. त्या काय दाखवतात ते तू बघ, आणि मला तुझ्या तोंडानं सांग. ओरडायचं नाही.”

“दोघींचं?”

“एकीला वेळ कळतो, दुसरीला खड्डे कळतात. आपल्याला दोन्ही हवंय.”

गाडी वळवून पुन्हा पुलाकडे निघालो. मुलगा दोन हातांत दोन फोन धरून बसला होता, ताटं वाढायला निघाल्यासारखा.

“घाईवाली म्हणतेय, पुढून उजवीकडे गेलो तर तीन मिनिटं वाचतील.”

“त्या उजवीकडे काळजीवाली काय दाखवतेय?”

तो दुसऱ्या फोनवर वाकला. “बाप रे. गतिरोधकच गतिरोधक.”

“मग सरळ. उशीर होईल का?”

“काठावर पोचू. पण पोचू.”

“बास. पुढे?”

“पुढे एक खड्डा, डाव्या बाजूला. अजून लांब आहे. आई, अजून लांब आहे, ब्रेक नको.” तो एकदम थांबला, मग सावकाश म्हणाला, “आता जरा उजवीकडून घे.”

मला त्याचं कौतुक वाटलं. ‘पुढे खड्डा’ असं कुणी कानाशी ओरडलं की माणूस दचकतो. घरच्या माणसानं ‘अजून लांब आहे’ म्हटलं की पाय जागच्या जागी राहतो. हे त्या यंत्रांना कधी कळेल तेव्हा कळेल.

पुलाचा सांधा यायच्या आधीच मी पाय उचलला. पेट्रोल पंपाच्या वळणावर पेटी डावीकडे जाते, म्हणून आधीच गाडी इतकी हळू केली की मागून हॉर्नची रांग लागली. वाजवा म्हटलं, खुशाल वाजवा. तुमच्या गाडीत लग्नाचा केक नाही.

“मागे काय हालहवाल?” मी विचारलं.

“बसलाय,” सूनबाई म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, “आई, हलतच नाहीये हा.”

हॉलच्या फाटकात एक उंचवटा आहे. परीक्षेच्या तिन्ही दिवशी आम्ही फाटकाशीच थांबत होतो, त्यामुळे तो माझ्या हातांना ओळखीचा नव्हता. मी गाडी जवळजवळ थांबवली, पुढचं एक चाक चढवलं, मग दुसरं. मागची चाकं उतरताना मी श्वास रोखून धरला होता. मुलानंही धरला होता, हे आम्ही दोघांनी एकदमच सोडला तेव्हा कळलं.

सूनबाईनं गाडीतच चेपलेल्या कडेवर क्रीमची फुलं काढली, एकाशेजारी एक, खालच्या थरापर्यंत उतरत गेलेली. मुलानं पेटी उचलली आणि एरवी कधी चालत नाही असा चालत आत नेली.

व्यवस्थापक बाई उंच, पांढऱ्या केसांच्या, गळ्यात साखळीला चष्मा. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवून केकभोवती एक फेरी मारली. फुलांपाशी थांबल्या.

“तुम्ही पाठवलेल्या चित्रात ही फुलं नव्हती.”

माझा जीव टांगणीला. आमच्या हिनं म्हणावं की ऐनवेळी सुचलं म्हणून काढली. पण सूनबाई सरळ म्हणाली, “रस्त्यात वरचा थर सरकला. मी तो बसवलाय आणि चेपलेली कड झाकलीय. आतून पक्का आहे.”

बाईंनी चष्मा काढला. “सरकलेला केक मला लांबून कळतो. इथे येणारे सगळे सांगतात, असंच डिझाइन आहे म्हणून.” त्यांनी पुन्हा एकदा फुलांकडे पाहिलं. “ही राहू दे. छान आहेत.” मग दाराकडे बघत विचारलं, “गाडी कोण चालवत होतं? मी वरून बघत होते. त्या उंचवट्यावरून सगळे डिलिव्हरीवाले धडाधड येतात. मी रोज त्यांच्यावर खेकसते. इतक्या हळू चढलेली गाडी आज पहिल्यांदा बघितली.”

मुलानं माझ्याकडे बोट दाखवलं. मी शाळेत तपासनीस आल्यासारखी ताठ उभी राहिले.

“या आमच्या आई,” सूनबाई म्हणाली.

“पुढच्या शनिवारी दोन केक लागतील,” बाई तिला म्हणाल्या. “पण गाडी याच आणणार असतील तर.”

परतताना मुलगा बडबडत होता, मी अधूनमधून हं म्हणत होते, पण कान मागे होते. सूनबाई नुसती खिडकीतून बाहेर बघत होती. केक पोचला खरा, पण सरकलाही होता. तिनं ठरवलेल्या अटीत हे कुठे बसत होतं, ते मला विचारायचं धाडस झालं नाही.

घरी हे काळा चष्मा लावून दारातच उभे. “मग? डब्यानं नेलं ना नीट?”

“भिंतीवर नेलं,” मी म्हणाले. “अहो, परवा तो तुम्हाला सारखा वळा वळा म्हणत होता, तुम्ही एकदाही वळला नाहीत. मग तो हवा कशाला तुम्हाला?”

“तो बोलतो, मी हो हो म्हणतो, आणि माझ्या मनासारखं जातो.” त्यांनी चाचपडत डबा माझ्या हातातून घेतला. “लग्न झाल्यापासून सवय आहे मला.”

मुलगा इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. सूनबाईही हसली. पण लगेच आत गेली.

रविवारी मी परीक्षा पुन्हा घेतली. यावेळी गाडी चालवणारी एकच, ती म्हणजे मी. वाटी धरायला मुलगा. निकाल असा: मुलाच्या लिफ्टच्या कामाला घाईवाली, केकला काळजीवाली, पण मुकी, आणि वाचून सांगायला शेजारी घरचं माणूस. डबा यांच्यापाशीच राहील, गप्पांना. मुलाची बाही कोपरापर्यंत लाल झाली, तेव्हा मला फार समाधान वाटलं. सूनबाईनं निकाल ऐकला, ‘बरं’ म्हणाली, आणि लवकर झोपायला गेली.

सोमवारी सकाळी मी बाहेरच्या खोलीत पुस्तक उघडून बसले. एकच पान कितीदा वाचलं कुणास ठाऊक. स्वयंपाकघरात काही आवाज नव्हता. मग तिनं फोन लावल्याचं ऐकू आलं. कचेरीतच लावला होता. ती हळू बोलत होती. “हो... नाही... विचार केला मी... तुमचे आभार.” एवढंच कानावर आलं. त्यावरून काय समजायचं?

ती दारात येऊन उभी राहिली. हाताला पीठ, गालालाही पीठ, आणि फोनलाही.

“आई,” ती म्हणाली, “माझी नोकरी गेली. आणि तुम्हाला लागली.”

पुस्तक मिटलं, चष्मा पुसला, परत घातला. मग विचारलं, “पगार काय?”

“केकच्या कापलेल्या कडा. सगळ्या.”

“आणि मागे बसून हुकूम सोडायचे ते?”

“ते आता मी सोडणार,” ती म्हणाली आणि आत गेली.

थोड्या वेळानं आतून क्रीम फेटायचा आवाज आला, आणि त्याच्याबरोबर ते नाकातल्या नाकातलं, कुठलंच धड नसलेलं गाणं. मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि व्हॅनच्या चाकांत हवा आहे का ते बघायला बाहेर गेले.